सिलॅबसबाहेरचा प्रश्न

११ मार्च

एकही नाही. एकतीस जणांतून एकसुद्धा नाही!

बांधकाम कंपनीची माणसं नोकरीच्या मुलाखती घ्यायला सकाळी नऊला आली. माणसं कसली – एक बाई आणि कागद सांभाळायला एक जण. बाई पस्तिशीच्या असतील. साइटवरच्या इंजिनिअर. बुटांवर वाळलेलं सिमेंट तसंच. ते बूट पाहून आमच्या विभागप्रमुख सरांच्या कपाळाला आठी पडली. सरांनी आज नवा टाय लावला होता.

आधी ऑनर्सची मुलं. सरच म्हणाले, "आधी साय, मग दूध." मी ऑनर्सची समन्वयक, म्हणून खोलीत बसून. बाईंनी सगळ्यांना एकच प्रश्न घातला. काल स्लॅब टाकलाय. आज सकाळी वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतायत. साइटवर तू एकटा. काय करशील?

इंग्रजीत विचारला. साध्या, सोप्या इंग्रजीत. आणि माझी मुलं एकामागून एक व्याख्या म्हणायला लागली. भेग म्हणजे काय. भेगांचे प्रकार किती. पोपटासारखी, घडाघडा. शब्दन् शब्द माझ्या नोट्समधला. त्यात एका वाक्यात व्याकरणाची चूक आहे – गेल्या वर्षी लक्षात आली होती, दुरुस्त करायची राहिली. ती चूकसुद्धा प्रत्येकाने जशीच्या तशी म्हटली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा कान गरम झाले. दहाव्यांदा ऐकली तेव्हा उठून जावंसं वाटलं.

चष्मेवालीचा नंबर सतरावा. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिच्यावर माझी भिस्त होती. तिनेही तेच म्हटलं. तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आपल्या भाषेत म्हणाल्या, "बरं, इंग्रजी राहू दे. गवंडी समोर उभा आहे. म्हणतोय, ताई, आता काय करू? त्याला सांग."

चष्मेवालीने तोंड उघडलं. मिटलं. माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं.

सर मध्ये पडले – "ऑनर्सच्या मुलांना इंग्रजीतच विचारा. त्यांचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालंय." बाई शांतपणे म्हणाल्या, "इंग्रजीतही विचारलंच की, सर."

दुपारी साध्या तुकडीतले आले. चार जण घेतले. त्यातला एक तर म्हणाला, "आधी ओली पोती टाकेन मॅडम, मग काय ते बघू." बाई हसल्या आणि त्याचं नाव लिहून घेतलं.

१२ मार्च

ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही.

१४ मार्च

खिडकीबाहेर सायकलस्टँड होता. एक सायकल आडवी पडलेली. ती मी बघत बसले, माझी विद्यार्थिनी समोर बुडत असताना!

तिने का पाहिलं असेल? सारखं तेच डोक्यात. मला वाटतं, ती मला दाखवत होती – बघा, काय केलंत.

आज लिहूनच टाकते. कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

ती दुसऱ्या वर्षाला होती. काँक्रीटमध्ये पाणी किती घालायचं ते मी शिकवत होते – म्हणजे वाचत होते. तिने हात वर केला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत विचारलं: मिश्रणात पाणी जास्त झालं की काँक्रीट कमजोर होतं म्हणता. मग त्याच काँक्रीटचा ठोकळा आपण लॅबमध्ये पुढे अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवतो, तेव्हा तो मजबूत कसा होतो? पाणी तर पाणीच ना?

काय सुंदर प्रश्न! एकोणीस वर्षं साध्या तुकडीला शिकवलं. वर्षातून एखाद्याला हा प्रश्न आपणहून सुचायचा, त्या दिवशी मी गुणगुणत घरी यायचे. उत्तर मला झोपेतून उठवून विचारा. आत घातलेलं जादा पाणी उडून जातं आणि मागे रिकाम्या जागा सोडतं – भाडेकरू गेल्यावर खोली रिकामी राहते तशी. बाहेरचं पाणी असतं पहारेकरी. ते आतलं कामाचं पाणी उडू देत नाही, सिमेंटला आपलं काम पुरं करू देतं. झालं. चार वाक्यांचा मामला!

ती चार वाक्यं इंग्रजीत येईनात. शब्द सगळे होते. पण भाडेकरू येईना, पहारेकरी येईना, एकाला एक जोडून काही उभं राहीना. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. मानेवरून घाम. आणि मी म्हणाले – इंग्रजीत, कारण हे एक वाक्य मला फार झकास येतं – "हा प्रश्न सिलॅबसबाहेरचा आहे. खाली बस."

ती बसली. त्या वर्गात त्यानंतर अडीच वर्षं कोणी प्रश्न विचारला नाही. एकदाही नाही! आणि मी सरांना सांगायचे, "ऑनर्सचा वर्ग फार शिस्तीचा आहे."

१५ मार्च

ऑनर्स सुरू झालं तेव्हा सरांनी बैठकीत विचारलं होतं, इंग्रजीतून कोण शिकवेल? सगळे खाली बघत बसले. हात मी वर केला. का? काचेचं दार असलेली खोली मिळणार होती म्हणून. दारावर इंग्रजीत पाटी. आणि सगळ्यांनी खाली पाहिलं आणि मी नाही, हेही एक होतंच.

सासूबाई शेजारणीला सांगतात, "आमची सून इंग्रजीतून शिकवते. घरात मात्र आमच्याशी आपल्यासारखंच बोलते हो!" ऐकून मी पुढच्या खोलीत जायचं टाळते.

हे औषधाच्या दुकानात बसतात. सुरुवातीला माझ्या नोट्स हेच तपासून द्यायचे. ह्यांचं इंग्रजी खोक्यांवरून शिकलेलं. एकदा काँक्रीटच्या धड्यात लिहून ठेवलं होतं – थंड व कोरड्या जागी ठेवावे, मुलांपासून दूर ठेवावे. तेव्हा दोघं पोट धरून हसलो होतो.

त्या नोट्स खरंच मुलांपासून दूर ठेवायला हव्या होत्या.

१७ मार्च

लॅबमध्ये गेले. लॅबवाले मामा ठोकळे साच्यातून काढत होते. तीस वर्षं हेच करतायत. रबरी हातोडीने साच्याला एक टिचकी मारतात आणि आवाजावरून सांगतात – हा बरा, हा पोकळ.

म्हटलं, "मामा, आपली ऑनर्सची पोरं अशी कशी हो मुकी झाली?"

मामा हातोडी ठेवून हात पुसत राहिले. मग म्हणाले, "मुकी कुठली? इथे तर बडबड करून डोकं खातात. तुमचा तास झाला की खाली यायची. हे का, ते का, पाणी का. मला येतं तेवढं सांगायचो." हातोडी परत उचलत – "तुम्हाला बोललो नाही. म्हटलं, मॅडमना राग येईल."

राग! मामा आठवी शिकलेत. चार वर्षं माझा वर्ग मामांनी शिकवला आणि पाटी माझ्या दारावर.

२ एप्रिल

आज ठरवून गेले. अजून पाच-सहा तास उरलेत, निदान तेवढे तरी नीट शिकवायचे. वर्गात शिरले, नोट्स टेबलावर पालथ्या घातल्या आणि आपल्या भाषेत म्हणाले, "चला, त्या दिवशीच्या भेगांबद्दल बोलू. काल टाकलेला स्लॅब, वर ऊन, वर वारा. काय झालं असेल?"

आधी कोणी हलेना. मग मागून एक जण चाचरत म्हणाला, "वरचं पाणी आधी उडालं असेल?" दुसरा म्हणाला, "म्हणजे वरचं आक्रसलं, खालचं नाही." मग तिघं एकदम बोलायला लागले! चष्मेवाली पुढे झुकून बसली होती. तिचा हात वर जायला लागला –

आणि दारात सर. बरोबर कोणी पाहुणे. "आमचा ऑनर्सचा वर्ग," सर त्यांना सांगत होते.

मी वाक्य मधूनच तोडलं आणि इंग्रजी सुरू केलं. नोट्स सुलट्या केल्यासुद्धा नाहीत, पाठच आहेत. भेग म्हणजे काय. भेगांचे प्रकार किती.

मुलंही सरसावून बसली. चेहरे कोरे. वह्या उघडल्या. त्यांना इतकी सवय आहे, कोणी हसलंसुद्धा नाही! चष्मेवालीने हात खाली घेऊन चष्मा सारखा केला, जणू त्यासाठीच उचलला होता.

पाहुणे म्हणाले, "वा."

३ एप्रिल

पुन्हा नोट्स वाचल्या. परवाही वाचेन. मला माहीत आहे.

२१ एप्रिल

शेवटचा तास. वर्गाचा फोटो काढला. मुलांनी मला मधोमध खुर्चीवर बसवलं. छापील हसू आलंय.

९ जून

निकाल लागून तीन आठवडे झाले. वर अहवाल पाठवायचाय – ऑनर्समुळे मुलांना नोकऱ्या मिळतात की नाही. पहिली तुकडी, म्हणून सगळ्यांचं लक्ष. एकतीस जणांना फोन करायचं काम माझ्याकडे. दोन दिवस तेच.

दोघी फोनवर तक्रारी ऐकण्याच्या कामाला लागल्यात. एकीने माझा फोन उचलला आणि गोड इंग्रजीत म्हणाली, मी आपली काय मदत करू शकते? मग जीभ चावली – "सवय लागली हो मॅडम!" चांगलं चाललंय म्हणाली. इंग्रजी कामाला आलं. स्लॅबशी संबंध सुटला.

एक जण काकांच्या दुकानात रंग विकतो. एक परीक्षेची तयारी करतोय. "कुठल्या?" "कुठल्याही." एकाचे वडील मोठे बिल्डर, तो त्यांच्याकडेच. लहानपणापासून इंग्रजी शाळेत होता, त्याला ऑनर्स नसतं तरी काही अडलं नसतं. एक स्वतःहून एका छोट्या साइटवर जाऊन उभा राहिला, त्यांनी ठेवून घेतला. म्हणाला, "पहिला महिना गवंडी हसायचे. आता त्यांच्याकडूनच शिकतोय." सात जणांनी फोन उचलला नाही. बाकीचे घरी.

चष्मेवालीला सगळ्यात शेवटी लावला.

"अकरा ठिकाणी जाऊन आले, मॅडम."

"मग?"

"प्रत्येक ठिकाणी दोनदा नापास होते. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत."

असं म्हणून ती हसली. मीही हसले. ठेवते म्हणाले.

१३ जून

सरांसमोर यादी ठेवली. म्हटलं, "सर, चार. पाच धरा फार तर."

सरांनी खुर्ची जवळ ओढली. शिकवणीच घेतली माझी! "दुकानात बसतो तो? स्वयंरोजगार. परीक्षेची तयारी? उच्च शिक्षण. फोन उचलला नाही? कामात असेल म्हणून नाही उचलला. घरी बसलेल्यांत मुली किती? त्यांना नोकरी नकोच असेल." पेन्सिलीने खुणा करत गेले. पाचाचे सत्तावीस झाले.

"आणि ही?" चष्मेवालीच्या नावावर पेन्सिल.

"अकरा ठिकाणी जाऊन आली."

"म्हणजे मुलाखती चालू आहेत. छान."

अठ्ठावीस.

मग कागद माझ्याकडे सरकवला. समन्वयकाची सही. मी 'नाही' म्हणू शकले असते. पेन तर माझंच होतं. सर म्हणाले, "तुमच्याच कामाचं कौतुक आहे हो ह्यात."

केली.

१४ जून

ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, डोकं दुखतंय. ह्यांनी गोळी दिली. घेतली.

१९ जून

आज जे केलं त्याला नाव नाही.

दुपारी शिपाई सांगत आला, कोणी पालक आलेत. काचेच्या दारातून पाहिलं – पन्नाशीचा माणूस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातांवर भाजल्याचे बारीक काळे ठिपके. चष्मेवालीचे वडील. वेल्डिंगचं दुकान आहे, गेट आणि ग्रिल बनवतात. खुर्चीच्या कडेवर बसले. दारावरची पाटी त्यांनी आत येताना बोटाने वाचली होती.

"धाकटीची बारावी झाली. तिलाही इंजिनिअरच व्हायचंय. साध्या तुकडीत घालू की ऑनर्सला, तेवढं विचारायचं होतं."

म्हटलं, "मोठीला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं! ती घरात तोंडच उघडत नाही हल्ली. एवढंच म्हणाली, मॅडमना विचारा. मॅडम सांगतील ते खरं." मग ओशाळून म्हणाले, "मोठी जरा अभ्यासात कच्ची निघाली. तुमचा काही दोष नाही, मॅडम. तुम्ही तर किती कष्ट घेतलेत तिच्यासाठी."

मी काही बोलणार तोच काचेपलीकडे सर येऊन उभे राहिले. कोणाशी तरी बोलत होते. माझ्याकडे पाहून हात हलवला, हसले.

त्यांना आतलं ऐकूसुद्धा येत नव्हतं! दार बंद होतं!

तरी मी म्हणाले, "ऑनर्सलाच घाला. पुढे इंग्रजीशिवाय काही खरं नाही."

ते उठले. दोन्ही हात जोडले. "तुम्ही सांगितलंत, आता शंका नाही."

२० जून

"तुम्ही सांगितलंत, आता शंका नाही."

२२ जून

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. शेवटी ह्यांना सगळं सांगितलं. पाण्याचा प्रश्न, खिडकी, सही, वडील. हे ऐकत राहिले. मला वाटलं म्हणतील, जाऊ दे, सगळीकडे असंच चालतं.

म्हणाले, "चुकीचं औषध दिलं तर मी गिऱ्हाइकाच्या घरी जातो. एकदा गेलो होतो, आठवतं? पळत गेलो होतो."

२४ जून

गेले. पळत नाही, पाय ओढत गेले.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक शेड. बाहेर अर्धं गेट भिंतीला टेकवलेलं. वडील वाकून काम करत होते, ठिणग्या उडत होत्या. त्यांनी काळा मुखवटा वर केला, मला पाहिलं आणि गडबडले. स्टूल पुसून दिलं. चहा सांगतो म्हणाले. नको म्हटलं. बसले असते तर उठता आलं नसतं, म्हणून उभ्यानेच म्हणाले –

"धाकटीला ऑनर्सला घालू नका. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांना कळेना. "फॉर्म भरून झालाय, मॅडम."

"अजून बदलता येतो. तीस तारखेपर्यंत."

"पण मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"कशाची?"

हे 'कशाची' त्यांनी रागाने विचारलं नाही. खरंच विचारलं. आणि मला तेवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मोठ्याने म्हणावं लागलं – "मला इंग्रजीत शिकवता येत नाही. वाचून दाखवता येतं. मुलांना काही कळलं नाही, कारण मी काही सांगितलंच नाही."

ते कितीतरी वेळ हातमोजा काढत राहिले. एकेक बोट.

"म्हणजे मोठी कच्ची नव्हती?"

"वर्गात पहिली होती. सगळ्यात हुशार."

"मी तिला चार महिने बोलतोय. नको नको ते बोलतोय." आवाज बदलला. "परवा म्हटलं, तुझ्यापेक्षा लोखंड बरं, तापवलं की वाकतं तरी." मग माझ्याकडे न बघता, "हे मला नका सांगू. तिला सांगा." आणि मागे वळून हाक मारली.

ती मागच्या खोलीतून आली. हातात बिलबुक होतं. वडिलांच्याच दुकानात बसते आता – सरांच्या भाषेत स्वयंरोजगार. मी तिला तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जातं म्हणतात. जात नाही.

ती म्हणाली, "माहीत होतं, मॅडम. सगळ्यांनाच."

मग मी तिला म्हटलं, तू दुसऱ्या वर्षाला एक प्रश्न विचारला होतास. आणि तिथे, त्या शेडमध्ये, उभ्या उभ्या तिला उत्तर दिलं. भाडेकरू, पहारेकरी, सगळं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते मामांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग भेगांचंही माहीत असेल! त्या दिवशी बाईंनी आपल्या भाषेत विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"तोंडाशी आलं होतं. ओली पोती टाकायची, वारा अडवायचा. पण ते लॅबमध्ये शिकलेलं. वाटलं, हे काही खरं शिक्षण नाही. ऑनर्सची मुलगी पोती म्हणते, असं व्हायचं. तुमच्यासमोर." बिलबुकाच्या कडा सारख्या करत होती. "म्हणून तर तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नुसती मान हलवली असती तरी बोलले असते."

परवानगी मागत होती! आणि मी समजत होते, दोष देतेय.

माझी लाज मी तिच्या गळ्यात घातली आणि तिने ती पदवीसारखी मिरवली. अकरा ठिकाणी.

निघताना वडील रस्त्यापर्यंत आले. ह्या वेळी हात जोडले नाहीत. ते बरं वाटलं.

२६ जून

सरांकडे गेले. अहवालावरची सही मागे घेते म्हटलं, लिहूनच नेलं होतं. खरा आकडाही लिहिला.

सरांनी वाचलं. घडी घातली. दार लावून घेतलं. "अहवाल कधीच गेला. आणि वेल्डरच्या मुलीचा फॉर्म तुम्हीच बदलायला सांगितलात म्हणे?"

"हो."

"तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही?" सर एकदम हळू आवाजात म्हणाले. टाय सैल केला. "ऑनर्स नसेल तर पुढच्या वर्षी इथे मुलंच येणार नाहीत. पालक दारातच विचारतात, इंग्रजीतून आहे का? नाही म्हटलं की माघारी. मग तुमची साधी तुकडीही बंद. ओली पोती घेऊन बसा मग!"

सर म्हणाले ते खोटं नव्हतं. अजूनही नाही. मी एवढंच म्हटलं, "मग मुलांना आधी तसं सांगू या तरी."

सर म्हणाले, "तुम्ही दमलात. ह्या वर्षी साधी तुकडी घ्या."

शिक्षा म्हणून दिली! दारावरची पाटी शिपायाने संध्याकाळच्या आत काढलीसुद्धा. दोन स्क्रूंची भोकं राहिली.

२७ जून

सासूबाईंना हे काय सांगणार, धाकधूक होती. हे म्हणाले, "हिला जास्त मुलं असलेला वर्ग दिलाय." सासूबाई लगेच गॅलरीत. "बढती झाली हो आमच्या सुनेची!"

८ जुलै

साध्या तुकडीचा पहिला तास. ऐंशी मुलं. फळ्यासमोर उभी राहिले आणि बोलायला लागले – बोलायला! हात आपोआप हलत होते. दुसऱ्या बाकावर धाकटी. थोरलीसारखाच चष्मा. अर्ध्या तासात तिने तीनदा अडवलं मला. तिसऱ्यांदा तर म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही मघाशी सांगितलं त्याच्या उलट झालं." आणि झालंच होतं! वर्ग हसला. मीही.

फळ्यावर प्रत्येक शब्द दोन्ही भाषांत लिहिला. इंग्रजी शब्द त्यांना लागणार आहेत, पुढे सगळीकडे लागणार. शब्द द्यायला काय जातं? आधी गोष्ट सांगायची, मग तिचं नाव. हे मला चार वर्षांपूर्वी का सुचलं नाही?

मधल्या सुट्टीत जिन्यावरून नव्या ऑनर्सचा वर्ग दिसला. एकतीस नाही, ह्या वेळी बेचाळीस. सगळे वह्या उघडून शांत बसलेले. अजून शिक्षक मिळालेला नाही म्हणे. कोणी हात वर करत नाही.

खुशीत घरी आले. घरी येईपर्यंत खुशीचीच लाज वाटायला लागली. मी सुटले. एवढंच झालंय.

२ ऑगस्ट

ऑनर्सला माझ्या जागी नवीन मॅडम रुजू झाल्या, शिपाई सांगत आला. उत्सुकतेने पाहायला गेले. काचेच्या दाराआड, माझ्या खुर्चीत – चष्मेवाली!

मला पाहून ताडकन उभी राहिली. म्हणाली, "बारावं ठिकाण, मॅडम. इथे दहा मिनिटांत घेतलं. सर म्हणाले, ऑनर्सची पदवी आहे, ऑनर्सलाच शिकव." तिने खडूची पेटी उघडली, परत मिटली.

"अकराला पहिला तास आहे. तुम्ही येऊन मागे बसाल?"

बेचाळीस मुलांच्या मागे जाऊन बसले. तोंड उघडण्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी मान हलवली.